काट्यावरचा अंगठा

वऱ्हाडात बोंड म्हटले की डोळ्यांपुढे कपाशीचे बोंड येते. परंतु मराठीत हाच शब्द आणखी एका पिकाच्या फळाला लागतो, आणि ते पीक वऱ्हाडाला वाटते तितके परके नाही. अकोल्याहून निघणारी जुनी मीटरगेज रेल्वे मेळघाटातून वाट काढत खांडवा, इंदूर आणि रतलामला पोहोचत असे, आणि पुढे तिचेच रूळ नीमचवरून अजमेरकडे जात. याच रतलाम-मंदसौर-नीमच पट्ट्यात आजही केंद्र सरकारच्या परवान्याने अफूची शेती होते आणि नीमच येथील सरकारी कारखान्यात तिचा माल जमा होतो. अफूच्या बोंडात पिकलेले दाणे म्हणजे खसखस, जी अमरावती-अकोल्याच्या स्वयंपाकघरात रश्श्याच्या वाटणात पडते आणि दिवाळीत अनारशाच्या पाठीवर बसते. या दाण्यांत अमली द्रव्याचा अंश नाममात्र असतो; खरा ऐवज असतो तो बोंड हिरवे असताना त्याच्या सालीला बारीक चिरे दिल्यावर पाझरणाऱ्या पांढऱ्या चिकात. हा चीक हवेने तपकिरी होतो, घट्ट होतो आणि त्यालाच अफू म्हणतात.

अफूच्या वजनाचा साधारण दहावा भाग मॉर्फीन या द्रव्याचा असतो, आणि त्याखेरीज कोडीन व इतर अनेक द्रव्ये तीत कमी-अधिक प्रमाणात असतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीडरिश सेर्ट्यूर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फीन वेगळे केले आणि स्वप्नांच्या ग्रीक देवतेवरून त्याला नाव दिले. १८७४ मध्ये लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅल्डर राइट याने मॉर्फीनच्या रेणूला दोन ठिकाणी अ‍ॅसेटिल नावाचा छोटा अणुगट जोडून एक नवे द्रव्य तयार केले, पण त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स होफमान याने तेच द्रव्य पुन्हा बनवले. आणि विशेष असे की त्याआधी काही दिवसच त्याने हीच अ‍ॅसेटिल जोडण्याची युक्ती दुसऱ्या एका द्रव्यावर वापरून अ‍ॅस्पिरीन तयार केले होते. एकाच टेबलावरून निघालेल्या या दोन औषधांपैकी एक आज हृदयरोग्यांच्या घराघरांत आहे, आणि दुसरे १८९८ पासून खोकल्याचे औषध म्हणून बाजारात विकले गेले. त्या काळी क्षयाचा आणि न्यूमोनियाचा खोकला हा मोठा प्रश्न होता, त्यामुळे वीरत्व सुचवणाऱ्या जर्मन शब्दावरून ‘हेरॉईन’ असे नाव दिलेल्या या औषधाचे स्वागतच झाले. मॉर्फीनपेक्षा हे निर्धोक, असा त्याचा लौकिक होता. रुग्ण मात्रा वाढवून मागत आहेत हे डॉक्टरांच्या ध्यानात यायला काही वर्षे लागली, आणि १९१३ च्या सुमारास बायरने त्याचे उत्पादन थांबवले.

या नव्या द्रव्यात असे वेगळे काय होते, याचे उत्तर मेंदूभोवतीच्या बंदोबस्तात सापडते. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती शरीरातील इतर रक्तवाहिन्यांपेक्षा घट्ट विणलेल्या असतात, त्यामुळे रक्तात आलेला वाटेल तो पदार्थ मेंदूत शिरू शकत नाही. चरबीत सहज विरघळणारे पदार्थ मात्र या भिंतीतून झिरपतात. मॉर्फीन चरबीत फारसे विरघळत नाही म्हणून ते सावकाश आत जाते, आणि दोन अ‍ॅसेटिल गट लागल्यामुळे हेरॉईन झपाट्याने जाते. आत गेल्यावर ते काही मिनिटांतच मोडते, त्याचा एक अ‍ॅसेटिल गट गळतो, मग दुसरा गळतो आणि शेवटी मॉर्फीनच उरते. थोडक्यात, हेरॉईन स्वतः फारसे काही करत नाही. ते मॉर्फीनला मेंदूपर्यंत पोहोचवणारे भरधाव वाहन आहे. एक अ‍ॅसेटिल गट गळालेला मधला रेणू फक्त हेरॉईनपासूनच तयार होत असल्याने प्रयोगशाळांना त्याचा वेगळाच उपयोग होतो. भरपूर खसखस खाणाऱ्याच्या लघवीतही मॉर्फीनचा अंश सापडू शकतो, तेव्हा अनारशांचा शौकीन कोण आणि पुडीचा गिऱ्हाईक कोण हे ठरवण्यासाठी तपासनीस या मधल्या रेणूचा शोध घेतात.

वेगाचा हा मुद्दा व्यसनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण एखादे द्रव्य मेंदूवर जितक्या लवकर परिणाम घडवते तितके ते घेण्याची कृती आणि मिळणारे सुख यांचे नाते मेंदूत घट्ट बसते. गिळलेल्या अफूला अंमल चढवायला अर्धा-पाऊण तास लागतो. शिरेतून घेतलेले किंवा धुरावाटे ओढलेले हेरॉईन काही सेकंदांत पोहोचते. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात जे हेरॉईन पसरले ते शुद्ध पांढरे नव्हते. तपकिरी, भेसळयुक्त आणि कच्चे असे ते ‘ब्राउन शुगर’ होते, ज्याला मराठीत ‘गर्द’ हे नाव पडले आणि ते ओढणाऱ्याला ‘गर्दुल्ला’ हे. हे कच्चे हेरॉईन पाण्यात नीट विरघळत नाही, पण उष्णतेने त्याची वाफ होते. म्हणून चंदेरी पन्नीवर पुडी ओतायची, खालून काडीची आच द्यायची आणि पन्नीवरून सरपटणारा धूर नळीने ओढायचा, अशी पद्धत रूढ झाली. सुई लागत नाही, रक्त दिसत नाही, विडी-सिगारेट ओढण्याहून हे फार वेगळे वाटत नाही, आणि त्यामुळेच नवशिक्याला त्याची भीती वाटत नाही.

मेंदूत पोहोचलेले मॉर्फीन तेथे नेमके कोणाला गाठते, हे १९७३ पर्यंत कोणी दाखवू शकले नव्हते. त्या वर्षी अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी, आणि जवळपास त्याच वेळी आणखी दोन प्रयोगशाळांनी, मेंदूतील चेतापेशींच्या पृष्ठभागावर अफूजन्य द्रव्यांना धरून ठेवणारे विशिष्ट प्रथिन-रेणू असतात हे सिद्ध केले. अशा रेणूंना ग्राही म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे ठरावीक आकाराचे द्रव्य त्यांत बसते आणि पेशीच्या आत काही घडामोडी सुरू होतात. पण या शोधाने एक चमत्कारिक प्रश्न उभा केला. माळव्यातल्या एका झाडाच्या चिकासाठी माणसाच्या मेंदूत कुलपे कशाला असावीत? दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना उत्तर सापडले: शरीर स्वतःच अशी द्रव्ये बनवते, कुलपे त्यांच्यासाठी आहेत, आणि अफू ही केवळ त्यांत बसणारी परकी किल्ली आहे. एन्केफॅलिन आणि एन्डॉर्फिन या नावांनी ओळखली जाणारी ही घरची द्रव्ये वेदनेला आवर घालतात. विळा लागून बोट कापले तरी समोर उभ्या असलेल्या रानडुकरापासून पळणाऱ्या माणसाला त्या घटकेला कळ जाणवत नाही आणि घरी पोहोचल्यावर ती ठणकू लागते, यामागे बऱ्याच अंशी याच द्रव्यांचा हात असतो. ती थेंबाथेंबाने, हव्या त्या जागी आणि हव्या तितक्या वेळापुरती सुटतात. हेरॉईन मात्र सगळीकडे एकदम पूर आणते.

हे ग्राही फक्त वेदनेच्या वाटेवर असते तर हेरॉईनची गोष्ट वेगळी झाली असती. ते पाठीच्या कण्यात आहेत, मेंदूच्या देठात आहेत, आतड्यांच्या भिंतीत आहेत, आणि सुखाची जाणीव घडवणाऱ्या भागांतही आहेत. म्हणून एकाच पुडीने माणसाची कळ थांबते, बुबुळातील छिद्र टाचणीच्या टोकाएवढे होते, खोकला दबतो, अंगाला खाज सुटते, आतडी सुस्तावतात आणि श्वास मंदावतो. बद्धकोष्ठ हा यातला सर्वांत हट्टी परिणाम, कारण बाकीच्या बहुतेक परिणामांची शरीराला सवय होते तशी याची होत नाही. पूर्वी पटकीच्या आणि अतिसाराच्या साथीत डॉक्टर अफूमिश्रित औषध देत ते आतड्यांवरच्या याच परिणामासाठी, आणि आज जुलाबावर औषधाच्या दुकानात मिळणारे लोपेरामाइड हेही याच कुळातले आहे. फरक इतकाच की मेंदूच्या भिंतीतून आत शिरलेला त्याचा अंश लगेच बाहेर ढकलला जातो, म्हणून नेहमीच्या मात्रेत ते पोटापुरते राहते. मृत्यू मात्र मेंदूच्या देठातून येतो. तेथील काही चेतापेशी झोपेतही श्वासाची लय राखतात आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की श्वास जोराने घ्यायला लावतात. हेरॉईन या पेशींना गप्प बसवते. रक्तातला प्राणवायू घटत असतानाही माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही, त्याचे ओठ निळे पडतात आणि तो झोपेतच जातो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या यांच्या जोडीने हा धोका कितीतरी पटींनी वाढतो, कारण त्याही श्वासालाच मागे खेचतात.

सुखाकडे जाणारी वाट थोडी आडवळणाची आहे. १९५४ मध्ये कॅनडात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक विद्युततार बसवून असे दाखवले की काही विशिष्ट जागी विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून उंदीर खटका पुन्हा पुन्हा, थकेपर्यंत दाबत राहतात. पुढे या वाटेचा नकाशा स्पष्ट झाला: मेंदूच्या मध्यभागी असलेल्या चेतापेशींचा एक पुंजका डोपामीन नावाचे द्रव्य पुढच्या भागात सोडतो, आणि ‘हे महत्त्वाचे आहे, हे लक्षात ठेव, हे पुन्हा कर’ असा निरोप त्यातून मेंदूला मिळतो. तहानेला पाणी मिळाले, भुकेला भाकर मिळाली, आपल्या माणसाचा सहवास मिळाला की हा निरोप जातो. या डोपामीन पेशींवर सतत ब्रेक लावून बसलेल्या दुसऱ्या पेशी असतात, आणि हेरॉईन त्या ब्रेक लावणाऱ्या पेशींनाच झोपवते. ब्रेक सुटला की डोपामीन पेशी मोकाट सुटतात. वऱ्हाडात चौकाचौकांत घोटला जाणारा खर्रा हाही शेवटी याच वाटेने जातो; त्यातली तंबाखू डोपामीन पेशींना थेट हाक देते, आणि तंबाखूची एकदा चव घेणाऱ्यांपैकी तिच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण हेरॉईनपेक्षा कमी नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या एका मोठ्या पाहणीत तंबाखू वापरून पाहणाऱ्यांपैकी सुमारे ३२ टक्के, हेरॉईन वापरून पाहणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्के आणि दारू घेणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के लोक पुढे कधीतरी त्या त्या द्रव्यावर अवलंबून राहिल्याचे आढळले. हेरॉईनची दहशत खोटी नाही, पण खिशातल्या खर्‍र्याबद्दलची बेफिकिरी मात्र साफ खोटी आहे.

आता या प्रकरणाच्या नावातला काटा. जुन्या कापूसबाजारात दोन पारड्यांचा काटा असे, आणि लबाड मापारी एका पारड्यावर हळूच अंगठा टेकवी ही तक्रार शेतकऱ्याइतकीच जुनी आहे. असा काटा कल्पावा, पण त्याच्या दुसऱ्या बाजूला एक चिकाटीचा कारकून बसलेला असावा, ज्याला काटा सरळ ठेवण्याखेरीज दुसरे काम ठाऊक नाही. अंगठा टेकला की तो दुसऱ्या पारड्यात वजन टाकतो. अंगठ्याचा दाब वाढला की आणखी टाकतो. काही दिवसांनी अंगठा तितकाच जोराने दाबला तरी काटा हलत नाही, आणि तो हलवायचा तर दुप्पट जोर लावावा लागतो. मेंदूचे असेच होते. अफूजन्य द्रव्ये चेतापेशींच्या आतील एका निरोप्या रेणूचे उत्पादन खाली आणतात. पेशी हे ओळखून तो रेणू बनवणारी यंत्रणा वाढवते, आणि जोडीला ग्राहींचा प्रतिसादही बोथट करते. पहिल्या पुडीचे सुख दहाव्या पुडीत मिळत नाही, म्हणून माणूस वीस ओढतो. यालाच वैद्यकात मात्रा अंगवळणी पडणे म्हणतात, आणि अंगवळणी पडलेला माणूस रोज इतके हेरॉईन घेऊ शकतो की ज्याच्या अंशानेही नवखा माणूस दगावेल.

मग एक दिवस पुडी मिळत नाही. अंगठा उचलला जातो, पण कारकुनाने रचलेली वजने पारड्यातच असतात, आणि काटा उलट्या बाजूला आदळतो. मेंदूच्या देठात निळसर रंगाचा पेशींचा एक लहानसा ठिपका आहे, जो नॉरअ‍ॅड्रिनलीन सोडून शरीराला सावध करतो. हेरॉईनने जो महिनोन्महिने दाबून ठेवला होता तो आता बेफाम होतो. शेवटच्या पुडीनंतर सहा ते बारा तासांत जांभया येऊ लागतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा उभा राहतो, घाम आणि थंडी एकत्र येतात, मग पोटात मुरड, जुलाब, उलट्या आणि हाडे पिळून काढावीत तशा वेदना. दोन-तीन दिवसांत त्रास शिगेला पोहोचतो आणि आठवड्याभरात शरीरापुरता ओसरतो; झोप न लागणे आणि मन उदास राहणे मात्र पुढे कित्येक आठवडे टिकते. व्यसनी लोकांच्या बोलीत याला ‘टर्की’ म्हणतात. लक्षणांची ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते की हेरॉईन जे जे करते त्याच्या नेमके उलट येथे घडते: बद्धकोष्ठाऐवजी जुलाब, गुंगीऐवजी निद्रानाश, बारीक झालेल्या बुबुळाच्या छिद्राऐवजी विस्फारलेले, वेदनाशमनाऐवजी वेदना. टर्की म्हणजे हेरॉईनचा परिणाम नव्हे. मेंदूने स्वतःला सावरण्यासाठी जे केले होते ते अंगठा उचलल्यावर उघडे पडणे, म्हणजे टर्की. निरोगी प्रौढ माणसाला ती सहसा जिवावर बेतत नाही, जरी त्याला तसे वाटत असले तरी. जुलाब-उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले तर मात्र धोका असतो, आणि अकोल्याच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास फिरत असतो, हा धोका कमी लेखता येत नाही.

येथे एक फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण त्याच्या अभावी निरपराध माणसांचे हाल झाले आहेत. शरीर एखाद्या द्रव्यावर अवलंबून असणे आणि माणूस त्याच्या व्यसनात असणे या दोन भिन्न अवस्था आहेत. तोंडाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या रुग्णाला, आणि खर्‍र्याच्या या मुलखात असे रुग्ण थोडे नाहीत, महिनोन्महिने मॉर्फीन दिले तर त्याच्या काट्यावरही वजने चढतात आणि ते एकदम थांबवल्यास त्यालाही टर्की येईल. परंतु तो मॉर्फीनच्या शोधात घरातली भांडी विकत नाही, त्याला फक्त वेदना थांबायला हवी असते. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, जो एनडीपीएस या आद्याक्षरांनी ओळखला जातो, इतका कडक होता की परवान्यांच्या जंजाळाला कंटाळून अनेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले, आणि ज्या देशात अफू पिकते त्याच देशातले कर्करोगी विव्हळत गेले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक वेदनाशामकांसाठी वाट सोपी केली गेली, ती जवळपास तीस वर्षे उशिरा.

व्यसन म्हणजे मग काय? टर्की आठवड्याभरात संपते आणि तरीही सहा महिन्यांनी माणूस पुन्हा पन्नी पेटवतो, याचे स्पष्टीकरण काट्याच्या उपमेत पुरते सापडत नाही. त्यासाठी स्मरणाकडे वळावे लागते. डोपामीनचा निरोप सुखाचा नसून मुख्यतः शिकवणीचा असतो. प्रत्येक पुडीबरोबर मेंदू त्या क्षणाचा सगळा परिसर टिपून ठेवतो: पुलाखालची जागा, माचिस ओढल्याचा वास, पन्नीचा आवाज, बरोबरचा मित्र, खिशात पैसे असण्याची जाणीव. पुढे यांपैकी एखादी खूण समोर आली तरी तलफ उठते. तलफ हा मराठी शब्द येथे फार नेमका आहे, कारण तो आवड सांगत नाही, ओढ सांगतो. दीर्घकाळच्या व्यसनात सुख जवळपास नाहीसे झालेले असते आणि ओढ मात्र वाढलेली असते. ‘यात तुला मिळते तरी काय?’ असा जो प्रश्न आईवडील विचारतात, त्याला ‘काही नाही’ हेच प्रामाणिक उत्तर असते. त्याच काळात कपाळामागचा, आवर घालणारा आणि पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग दुबळा पडलेला असतो.

खुणांची ही शक्ती किती खोलवर जाते हे कॅनडातील शेपर्ड सीगल यांच्या १९८२ च्या प्रयोगातून दिसले. त्यांनी उंदरांना एका ठरावीक खोलीत वाढत्या मात्रेने हेरॉईनची सवय लावली आणि मग सर्वांना एक मोठी मात्रा दिली. ज्यांना कधीच हेरॉईन मिळाले नव्हते त्यांपैकी ९६ टक्के मेले. सवयीच्या खोलीत मात्रा मिळालेल्यांपैकी ३२ टक्के मेले. पण तितकीच सवय असून ज्यांना अनोळखी खोलीत मात्रा दिली गेली त्यांपैकी ६४ टक्के मेले. याचा अर्थ असा की तो कारकून अंगठ्याची वाट पाहत बसत नाही. ओळखीची खोली दिसताच तो वजने चढवून ठेवतो, आणि खोली अनोळखी असली की तो बेसावध सापडतो. हेच तत्त्व उलट बाजूने लावले तर एरवी न उमगणारी गोष्ट उलगडते: जुनी जागा दिसली, पुडी नाही, पण वजने चढली, आणि महिनोन्महिने कोरड्या राहिलेल्या माणसाला त्या कोपऱ्यावर जांभया येऊ लागतात, नाक गळू लागते.

परिसराचा भाग किती मोठा, याचा सर्वांत बोलका पुरावा युद्धातून आला. व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांना स्वस्त आणि जवळपास शुद्ध हेरॉईन मिळत होते, आणि १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा अभ्यास करणाऱ्या ली रॉबिन्स यांना असे आढळले की त्यांपैकी सुमारे पंचमांश तेथे त्याच्या आहारी गेले होते. देशात हजारो व्यसनी परतणार म्हणून सरकार धास्तावले होते. प्रत्यक्षात या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडलेले वीसांत एकच निघाले. जंगल, भीती, सोबती आणि रिकामा वेळ हे सगळे मागे राहिले होते, आणि घरी काम व माणसे वाट पाहत होती. पुण्या-मुंबईच्या केंद्रात उपचार घेऊन अमरावतीच्या आपल्याच मोहल्ल्यात, त्याच मित्रांत आणि त्याच बेकारीत परतणाऱ्या तरुणाची स्थिती याच्या अगदी उलट असते.

वऱ्हाडाने व्यसनाविरुद्ध बोलणारी मोठी माणसे दिली आहेत. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले, आणि मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी गावेच्या गावे सामुदायिक प्रार्थनेला बसवली. त्यांच्यापुढे गर्द नव्हता आणि मेंदूविज्ञानही नव्हते; तरीही त्यांच्या उपायांपैकी शपथेपेक्षा सोबतीला या विज्ञानाचा अधिक आधार मिळतो, कारण शपथ ज्या भागाने पाळायची तोच भाग हेरॉईनने दुबळा केलेला असतो, आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या जागी भेटणारी माणसे मात्र जुन्या खुणांच्या जागी नव्या खुणा बसवतात. महाराष्ट्रात गर्दच्या लाटेला एक मोठे उत्तर याच विचाराने मिळाले. अनिल अवचट यांचे गर्दवरील लेखन आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे आर्थिक पाठबळ यांतून, २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले, जेथे औषधांपेक्षा दिनक्रम, काम, गटचर्चा आणि आधी बरे झालेल्यांचा सहवास यांवर भर राहिला.

आज वऱ्हाडाचे मुख्य व्यसन गर्द नाही. ते खर्रा आणि दारू आहे. पण त्याच कुलपांत बसणाऱ्या किल्ल्या निराळ्या रूपांत येथे फार पूर्वीपासून ये-जा करत आल्या आहेत. मजूर आया कामावर जाताना बाळाला झोपवण्यासाठी अफूचा कण देत, आणि १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी वस्त्यांत तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना अशा ‘बाळगोळ्या’ घराघरांत आढळल्या होत्या. ती आजची सुंठ-वेखंडाची बाळगुटी नव्हे. औषधाखेरीज अफूची विक्री देशात १९५९ पासून बंद झाली. आता तीच जागा औषधाच्या दुकानाने घेतली आहे: कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या, ज्यांना २०१८ मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आणावे लागले. दिल्लीच्या एम्स संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.१ टक्के भारतीय कोणते ना कोणते अफूजन्य द्रव्य वापरत होते: हेरॉईन १.१४ टक्के, औषधी गोळ्या-सिरप ०.९६ टक्के आणि अफू ०.५२ टक्के. गोळी कारखान्यातून आली आणि तिच्या पाकिटावर कंपनीचे नाव आहे, एवढ्याने कारकुनाचे काम बदलत नाही.

उपचाराची एक वाट वजने हळूहळू उतरवण्याची आहे. ब्युप्रेनॉर्फिन हे जिभेखाली ठेवायचे औषध त्याच ग्राहींना घट्ट धरते पण त्यांना अर्धवटच चालवते, त्यामुळे टर्की येत नाही, धुंदीही येत नाही आणि वरून हेरॉईन घेतले तरी त्याला जागा सापडत नाही. देखरेखीखाली ते महिने-वर्षे दिल्याने माणूस पुडीमागे धावण्यातून मोकळा होतो आणि सुईतून पसरणारा एचआयव्ही व कावीळ यांपासून वाचतो. ‘एक नशा सोडून दुसरी दिली’ हा त्यावरचा आक्षेप नेहमी ऐकू येतो, पण तो आक्षेप अवलंबित्व आणि व्यसन यांची गल्लत करतो. कायदाही येथे अगदीच निष्ठुर नाही: एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. हेरॉईनची अल्प मात्रा म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत. चौकशीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

सर्वांत घातक काळ टर्कीचा नव्हे, तिच्या नंतरचा असतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडलेल्या माणसाच्या पारड्यातली वजने उतरलेली असतात, पण त्याच्या हाताला आठवण जुन्याच मात्रेची असते, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एकदाच घसरून घेतलेली ती जुनी मात्रा श्वास बंद पाडते. अशा वेळी नॅलॉक्सोन हे औषध ग्राहींवरून हेरॉईनला ढकलून देते आणि निळा पडलेला माणूस दोन-तीन मिनिटांत श्वास घेऊ लागतो. परंतु त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, आणि शरीरात उरलेले मॉर्फीन पुन्हा त्या जागी बसू शकते, म्हणून शुद्धीवर येऊन घरी जाण्याचा आग्रह धरणाऱ्यालाही रुग्णालयात नेऊन काही तास डोळ्यांसमोर ठेवावे लागते.